ताप उतरला तेव्हा

धाकटे काका गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पाटण खोऱ्यातलं आमचं गाव, आषाढाचे दिवस, भातलावणी चाललेली. बांधावर त्यांच्या पायाला फुरसं चावलं. माणसांनी उचलून मारुतीच्या देवळात निजवलं, कडुनिंबाचा पाला चघळायला दिला आणि गावातल्या आप्पांना बोलावलं. आप्पा सापाचा मंत्र घालत. पाला कडू लागतोय, म्हणजे विष चढलेलं नाही, असं ते सांगत राहिले आणि सगळ्यांनी ते मानलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे जीप शोधायला माणूस धावला. कराड गाठेपर्यंत काका राहिले नाहीत.

पुढे कॉलेजात असताना २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते आमच्या काकांसाठीच लिहिलंय असं वाटलं होतं. मंत्र घालणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात राग होता, अजून आहे. पुढची हकिकत हे लक्षात ठेवून वाचावी.

फिलिपाइन्समध्ये सेबू शहरात नोकरीला लागून मला तीन वर्षं झाली होती. ऑफिसातली जवळची मैत्रीण सिकिहोर बेटावरची. सेमाना सांता, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, तिने घरी यायचा आग्रह केला. ऑफिसात ही बातमी कळल्यावर दोघी-तिघींचे चेहरे उतरले. सिकिहोर करणीसाठी बदनाम आहे. तिथे ‘बारांग’ करतात, किडे सोडून माणसाला आजारी पाडतात, अनोळखी घरी काही खाऊ नकोस, असं मला कळकळीने सांगण्यात आलं. स्पॅनिश लोक या बेटाला ‘आगीचं बेट’ म्हणत. रात्री झाडांवर काजव्यांचे थवे लखलखायचे, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात.

दुमागेतेहून बोटीने तासाभरात आम्ही पोचलो. बेट छोटंच, सगळी मिळून लाखभर वस्ती. मैत्रिणीचं घर लासीच्या बाजूला. घरात तिची आजी, म्हणजे लोला. तिने माझा हात धरून आत नेलं आणि खोबऱ्याचा भात पुढे ठेवला. रविवारी ताडपत्राच्या विणलेल्या फांद्या घेऊन सगळे चर्चला गेले, मीही गेले. सोमवारी आम्ही बालेतेचं प्रसिद्ध झाड पाहायला गेलो. बालेते म्हणजे आपल्या वडा-पिंपळाच्याच कुळातलं झाड. त्या झाडाचं वय लोक चारशे वर्षं सांगतात. बुंध्याखालून झरा निघतो आणि पुढच्या कुंडात साठतो. पाय सोडून बसलं की मासे टाचा कुरतडतात. तासभर बसलो असू. त्याच रात्री मला हुडहुडी भरून ताप चढला.

डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडून आलेली. गावातल्या आरोग्य केंद्रातून मैत्रिणीने पॅरासिटामॉल आणलं. त्याने ताप दोन तास उतरायचा आणि परत चढायचा. लोला माझ्या उशाशी बसून एकच विचारत होती, “झाडाखाली जाताना ‘ताबी, आपो’ म्हणालीस का?” म्हणजे, आजोबा, जरा वाट द्या. मी म्हणाले नव्हते. मला कोणी सांगितलंच नव्हतं. लोलाने नातीकडे पाहिलं आणि नातीने मान खाली घातली.

झाडांत, दगडांत, वारुळांत राहणाऱ्यांना विसाया भाषेत ‘दिली इंगोन नातो’ म्हणतात. जे आपल्यासारखे नाहीत ते. नाव उच्चारायचं नाही, असं मोघमच बोलायचं. मला ते लगेच समजलं, कारण माझी आजीही ‘बाहेरचं’ एवढंच म्हणायची आणि संध्याकाळनंतर सापाला ‘जनावर’. लोला म्हणाली, त्यांच्यातल्या कुणाला तुझा पाय लागला असेल. मुद्दाम नाही, पण लागला. डॉक्टरला ते दिसणार नाही. आधी मानानाम्बालकडे जायचं.

‘ताम्बाल’ म्हणजे औषध, ते देणारा मानानाम्बाल. मनिलाच्या बाजूला याच माणसाला अल्बुलार्यो म्हणतात. तो शब्द स्पॅनिशांचा, पण ही परंपरा त्यांच्या कितीतरी आधीची आहे. १५२१ साली मॅगेलनबरोबर आलेल्या पिगाफेटाने सेबूत म्हाताऱ्या बायका डुकराचा बळी देऊन विधी करताना पाहिल्या आणि ते लिहून ठेवलं. अशा विधी करणाऱ्यांना बाबायलान म्हणत. पुढे मिशनऱ्यांनी त्यांना सैतानाचे हस्तक ठरवलं. १६२१-२२ मध्ये शेजारच्या बोहोल बेटावर ताम्ब्लोत नावाच्या बाबायलानाने बंड केलं, ते स्पॅनिशांनी चिरडलं. बाबायलान संपले, पण त्यांचं काम मानानाम्बालांच्या हातात टिकलं आणि त्यांच्या घरातल्या देव्हाऱ्यावर बाळ येशू, सांतो निन्यो, येऊन बसला.

हे सगळं मला आज सुचतंय. बुधवारी सकाळी मी फक्त आजारी होते आणि पाहुणी होते. नाही म्हणायची ताकद नव्हती, आणि जिने दोन रात्री माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या त्या म्हातारीला दुखवायची इच्छाही नव्हती. हाबाल-हाबालवर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, चालक आणि मैत्रीण यांच्यामध्ये मला बसवून डोंगरावर नेलं.

बांबूच्या ताट्यांचं घर, वर पत्रा. ओसरीत बाकावर चारजण आधीच बसलेले. त्यांतल्या एका बाईच्या हातात सरकारी दवाखान्याचा रक्तदाबाचा कागद होता. ती गोळ्याही घेते आणि इथेही येते, असं तिने अगदी सहज सांगितलं. मानानाम्बाल पासष्टीची बाई. सगळे तिला ‘नांग’ म्हणत होते, आपल्याकडे मोठ्या बाईला ‘अक्का’ म्हणतात तसं. मीही नांगच म्हणाले.

तिने आधी हात घेतला. तीन बोटं मनगटावर, मग कोपराच्या आत, मग पुन्हा मनगटावर. याला हिमोल्सो म्हणतात. नाडी बघता बघता ती विचारत होती. ताप कधी चढला, रात्री की दिवसा. काय खाल्लं. पाळी कधी आली होती. घरी कोण कोण आहे. आई कधी भेटली होती शेवटची. या प्रश्नाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेबूत तीन वर्षांत मला कुठल्याही डॉक्टरने पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिला नव्हता. इथे मी अर्धा तास नुसती बोलत होते.

मग बोलो-बोलो. हा प्रकार सिकिहोरचा खास. काचेचा साधा पेला, त्यात तळाशी एक काळा गुळगुळीत दगड, लिंबाएवढा. वर स्वच्छ पाणी. नांगने बांबूची बारीक नळी पाण्यात बुडवली आणि फुंकायला सुरुवात केली. पेला माझ्या अंगाला टेकलेला. डोक्यावरून खांद्यावर, पाठीवरून कमरेपर्यंत, पोटावर. पाण्यातून बुडबुड्यांचा आवाज सारखा येत होता. कानाजवळ पेला आला तेव्हा त्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू येईना. पोटापाशी पोचली तेव्हा पाणी तपकिरी झालं होतं आणि त्यात काड्यांसारखं, मातीसारखं काहीतरी तरंगत होतं. तिने ते ओतून टाकलं, दगड धुतला, नवं पाणी घेतलं, पुन्हा फुंकलं. दुसऱ्यांदा थोडं गढूळ. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छच राहिलं. ओसरीतल्या बाईने सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

पाण्यातली ती घाण माझ्या अंगातून निघाली असं मी मानत नाही. माझा आजार त्या पाण्यात उतरला नव्हता हे दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीने दाखवलंच. पण त्या वेळी, डोळे मिटून, अंगावरून फिरणारा तो गार पेला मला बरा वाटला. हेही तितकंच खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

शेवटी पालिना. करवंटीतल्या निखाऱ्यांवर झाडांच्या साली-मुळ्यांची काळी भुकटी टाकून धूर. मला पांघरुणाखाली बसवून धूर दिला. टाळूवर तीन वेळा फुंकर मारली आणि लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटली. मिठ-मोहरी ओवाळल्यावर आजी निखाऱ्यांवर तुरटी टाकायची आणि फुललेल्या तुरटीत दृष्ट लावणाऱ्याचा चेहरा शोधायची, ते आठवलं. फिलिपाइन्समध्येही तुरटीचा हा प्रकार आहे आणि तो हुबेहूब तसाच आहे. त्याचं नावच ‘तावास’, म्हणजे तुरटी.

पैसे किती, विचारलं तर नांगने देव्हाऱ्याकडे बोट केलं. जे जमेल ते तिथे ठेवायचं. निघताना पाल्याच्या दोन जुड्या दिल्या. एक पाहून मी चमकले. पाच बोटांसारखी पानं, खालून पांढुरकी, चुरडल्यावर तोच उग्र वास. निर्गुंडी! आमच्या परसात कुंपणाला होती. बाळंतिणीच्या शेकाला आजी तिचाच पाला उकळायची. इथे तिला लागुंदी म्हणतात. खोकल्यावर तिचा उपयोग होतो का, हे फिलिपाइन्सच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं तपासलं. आज लागुंदीच्या गोळ्या आणि सिरप तिथल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. तिथल्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या दहा औषधी वनस्पतींत लागुंदी आहे, पेरूची पानं आहेत, लसूण आहे, कारलंही आहे. १९९७ साली पारंपरिक औषधोपचारांसाठी त्यांनी स्वतंत्र कायदाच केला. पाला तपासून घ्यायचा आणि मंत्र बाजूला ठेवायचा, ही त्यांची वाट मला पटते.

दुसरी जुडी तावा-तावाची. आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणारं दुधीचं तण, काडी मोडली की पांढरा चीक येतो ते. त्याचा काढा प्यायचा, असं नांगने सांगितलं. आणि मग मैत्रिणीला एक वाक्य, जे मी तेव्हा नीट ऐकलं नाही: “ताप गेला की मला बघायला आण. ताप असताना नाही. गेला की.”

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी पहाटे ताप उतरला.

घरात आनंद झाला. लोलाने क्रूसाची खूण केली. ते आपल्यासारखे नसलेले शांत झाले, असं तिने शेजारणीला सांगितलं. मलाही सुटल्यासारखं वाटत होतं, फक्त पोटात उजव्या बाजूला दुखत होतं आणि दोनदा उलटी झाली. हातपाय गार पडले होते. दात घासताना चूळ लालसर आली. मी ती ओतून दिली आणि कुणाला बोलले नाही. आज मला त्याचं नवल वाटतं. काकांच्या हिरड्या मी विसरले नव्हते, तरी ते चित्र आणि माझी चूळ यांची गाठ त्या सकाळी माझ्या डोक्यात पडली नाही.

मैत्रीण म्हणाली, नांगने बोलावलंय, जाऊन येऊ. गुड फ्रायडे. वाटेवर माणसं पोती, विळे घेऊन डोंगराकडे निघालेली. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या शुक्रवारपासून दर शुक्रवारी मानानाम्बाल झाडपाला, साली, मुळ्या गोळा करतात, जंगलातून, समुद्रकाठावरून, अगदी दफनभूमीतूनही. हा सातवा आणि शेवटचा शुक्रवार. उद्या, शनिवारी, ते सगळं मोठ्या कढईत खोबरेल घालून शिजवायचं. वर्षभराची औषधं त्यातून होतात. नांगच्या दारातही पोतं भरून ठेवलेलं होतं, ती निघण्याच्याच बेतात होती.

तिने मला पाहिलं आणि पोतं खाली ठेवलं. हात घेतला. या वेळी तीन बोटं मनगटावर थोडाच वेळ राहिली. मग तिने माझ्या अंगठ्याच्या नखावर दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं, आणि पांढरंच राहिलं. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती. पायजमा वर करून तिने नडगी पाहिली. तिथे मोहरीएवढे लाल ठिपके उठले होते, मला माहीतही नव्हते. पोट दाबलं तशी मी ओरडले.

पेला नाही, नळी नाही, धूर नाही. ती लोलाकडे वळून म्हणाली, “हे माझं नाही. हे डासाचं आहे. हॉस्पिटल. कारोन दायोन.” आत्ताच्या आत्ता.

मंगळवारपासून मैत्रीण लोलाला हॉस्पिटलसाठी विनवत होती. लोला म्हणायची, सुट्ट्या आहेत, डॉक्टर नसतील, बिल कोण भरणार, तिथे नेलं तर ते आपल्यासारखे नसलेले चिडतील. तीच लोला नांगच्या एका वाक्यावर उठली. पाच मिनिटांत ट्रायसिकल, म्हणजे साइडकार जोडलेली भाड्याची मोटरसायकल, दारात होती. ती आम्ही शोधली नव्हती. नांगच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारीच, कोळशाने चार फोन नंबर लिहिलेले होते आणि त्यातला पहिला ट्रायसिकलवाल्याचा होता.

हॉस्पिटलपर्यंत तासभर लागला. डेंग्यू. प्लेटलेट ४२ हजार, रक्तदाब खाली. लगेच सलाइन लावलं. डॉक्टर पोरगेलीशी, मुलगीच म्हणायची. तिने मला समजावलं: डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळ सगळ्यांत धोक्याचा. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, रक्तदाब पडतो, आणि ताप नाही म्हणून घरातले लोक निश्चिंत असतात. अजून काही तास घरी राहिले असते तर काय झालं असतं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डास मला बालेतेच्या झाडाखाली चावलाच नव्हता. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे तो सेबूतलाच. काय काय घेतलं, या प्रश्नावर मी चाचरत तावा-तावा आणि मानानाम्बालचं नाव सांगितलं. तिने चेहऱ्यावर काही न दाखवता ते केसपेपरवर लिहिलं आणि म्हणाली, “ती पाठवते. सगळे पाठवत नाहीत.”

सोमवारी सुटले. मंगळवारी, बोटीच्या आधी, मी लोलाबरोबर पुन्हा डोंगरावर गेले. ओसरीत शनिवारच्या कढईचा वास अजून होता, खोबरेल आणि जळक्या सालींचा. नांग बाटल्या भरत बसली होती. नख दाबून मोजायला कुठे शिकलात, असं मी विचारलं. ती अकरा वर्षं गावची आरोग्य सेविका होती. डेंग्यूच्या साथीत तिथल्या नर्सने ते शिकवलं होतं.

मी तिला काकांचं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. मैत्रिणीव्यतिरिक्त त्या देशात मी ते कुणाला बोलले नव्हते. पाला, देऊळ, हिरड्या, जीप. नांगने बाटलीचं बूच लावलं, बाटली बाजूला ठेवली आणि मग तिचं सांगितलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका आठ वर्षांच्या मुलाला कुत्रं चावलं. त्याला तिच्याकडे आणलं. तिच्या सासूने शिकवलं होतं तसं तिने जखमेवर लसूण चोळला, वर बाटली उपडी ठेवून ‘विष’ ओढलं, प्रार्थना केली. जखम भरली. दोन महिन्यांनी त्याला ताप आला म्हणून पुन्हा आणलं. तिने पेल्यात पाणी भरलं, दगड टाकला आणि पेला त्याच्याजवळ नेला. पाणी पाहून पोराचा गळा आवळला. तो किंचाळून मागे सरकला, बापाच्या अंगावर चढला. “मी पेला परत पुढे केला,” नांग म्हणाली. “दोनदा केला. मला वाटलं, त्याच्यातलं ते घाबरतंय.” तिसऱ्या दिवशी मुलगा गेला.

त्यानंतरच ती आरोग्य केंद्रात काम मागायला गेली. कुत्र्याचा चावा आला की ती आता साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुते आणि लशीच्या केंद्रात पाठवते. भिंतीवरचा दुसरा नंबर त्या केंद्राचा होता. तिच्या ओळखीत अजूनही बाटली लावून विष ओढणारे आहेत, लोक त्यांच्याकडे जातात, आणि दरवर्षी त्या देशात दोनशेहून जास्त माणसं रेबीजने मरतात. एका नांगमुळे हे पुसलं जात नाही.

मी निघाले तेव्हा तिने विचारलं, “ते तुमच्या गावचे, पाला देणारे. त्यांच्याकडे नंतर कोणी गेलं का?”

नाही गेलं. आम्ही त्या घराशी बोलणं टाकलं. लग्नाकार्यात बोलावत नाही, समोर आले तर वाट बदलतो. पण आप्पा अजून आहेत आणि साप चावलेलं माणूस अजून आधी त्यांच्याकडेच जातं, हे मला माहीत होतं.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा आईला न सांगता त्यांच्या अंगणात जाऊन बसले. ऐंशीच्या पुढचे आहेत, डोळ्यांत फूल पडलंय. त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि बराच वेळ गप्प राहिले. मी फुरसं चावल्यावर रक्ताचं काय होतं ते सांगितलं. जखम कापू नका, आवळून बांधू नका, पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन लावायला सांगा, एवढंच. मंत्र घालायचा तर गाडी येईपर्यंत घाला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“आन् तितं लस आसंल का रातच्याला?” ते म्हणाले. “मी धाडायचं, आन् तितं न्हाई म्हनले तर?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रिक्षात घालून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. फार्मासिस्टने कपाट उघडलं. आप्पांनी एकेक कुपी हातात घेऊन चाचपून मोजली.